कोरियनमध्ये 'तुम्ही' सापडत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दीड वर्ष कोरियन शिकतेय. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेत दुसरी पातळी मिळाली. चाकणला मी ज्या कंपनीत काम करते तिथे कोरियाहून एक सहकारी आली आहे. पहिल्याच दिवशी तिनं माझं वय विचारलं, मला ते आगाऊपणाचं वाटलं. मी तिच्याशी बोलताना 'तुम्ही' म्हणून 'तांगशिन' वापरलं तर तिचा चेहराच बदलला. नंतर एकदा 'जेवायला भेटू या' म्हणाली. तीन आठवडे झाले, पुढे काही नाही. माझं व्याकरण बरोबर आहे, मग चुकतंय कुठे?"

उत्तर लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. तुम्हाला 'अगं' म्हणू की 'अहो'? वय तुम्ही सांगितलेलं नाही. पंचविशीच्या असाल तर माझ्या वर्गातल्या मुलींसारखं सरळ 'तू' म्हटलं असतं. चाळिशीच्या असाल तर ते उद्धट दिसलं असतं. म्हणून 'तुम्ही' म्हणतेय. मराठीत ही पळवाट आहे: समोरचा कोण ते कळत नसेल तर 'तुम्ही' म्हणा आणि सुटा. कोरियनमध्ये ही पळवाटच नाही. तुमच्या तिन्ही अडचणी मला तरी तिथूनच निघालेल्या दिसतात.

मी गेली अठरा वर्षं पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणून काम करते आणि संध्याकाळी शिकवते. तांगशिनची चूक मी तुमच्या आधी केलेली आहे, आणि तीही चारचौघांत. कामाला लागून महिना झाला नव्हता. मोल्डिंगच्या मशीनपाशी आमचा सुपरवायझर कोरियन बुजांगना म्हणजे विभागप्रमुखांना म्हणाला, "साहेब, तुम्हीच काल म्हणालात ना, हे मशीन बंद ठेवा?" मी शब्दाला शब्द लावला. 'तुम्ही'ला शब्दकोशात जे होतं ते: तांगशिन. बुजांगांनी हातातले मोजे काढले, मशीनवर ठेवले आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. सुपरवायझरला वाटलं, मशीनचं काहीतरी बिघडलंय. संध्याकाळी एका जुन्या दुभाषीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, तांगशिन नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, नाहीतर भांडणारे म्हणतात. तुमच्यात यातलं काय आहे?" जाहिरातीत, गाण्यांत हा शब्द भेटतो, म्हणून तो सभ्य वाटतो. समोरासमोर, मोठ्या माणसाला, तो "ए, तू कोण रे मोठा?" या जातीचा होतो.

मग 'तुम्ही'ला म्हणायचं काय? काहीच नाही. तिथे त्या माणसाचं पद किंवा नातं येतं. "बुजांगनिमनी काल सांगितलं होतं", हे बुजांगनिमच्याच तोंडावर बोलायचं. ('निम' हे पदाला लागणारं मानाचं शेपूट, आपल्या 'साहेब'सारखं.) आपल्याकडे जुन्या घरांत सून सासऱ्यांना "मामंजींनी औषध घेतलं का?" असं त्यांच्यासमोरच विचारायची, तसं. म्हणजे वाक्य सुरू करण्याआधी समोरचा माणूस तुमचा कोण, हे ठरलेलं हवं. ते ठरत नाही तोवर कर्ता नाही, आणि क्रियापदाचा शेवटही नाही. तुमच्या सहकारीनं वय विचारलं ते चौकशी म्हणून नव्हे, ती तिची व्याकरणाची गरज होती. तुम्ही उत्तर टाळलं असेल, तर तिचं वाक्य अर्ध्यावर लटकलं असेल.

आता वयाचं जरा खोलात, कारण यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जुन्या कोरियन मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि दर 1 जानेवारीला सगळ्या देशाचं वय एकदम एकानं वाढायचं. 31 डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! 28 जून 2023 पासून कायद्यानं सगळीकडे वाढदिवसाप्रमाणे वय धरायचं ठरलं, आणि "कोरियन लोक एक-दोन वर्षांनी तरुण झाले" अशा बातम्या आपल्याकडेही आल्या. पण दारू-सिगारेट विकत घेण्याचं वय आणि सैन्यभरतीची यादी आजही जन्मवर्षावरूनच चालते. आणि माणसांच्या डोक्यात तर जन्मवर्षच पक्कं बसलेलं आहे. म्हणून अनोळखी माणूस वय न विचारता "म्यॉन न्यॉनसेंगियेयो?" म्हणजे "कोणत्या सालचा जन्म?" असं विचारतो. जरा वयस्कर असेल तर "त्ती कोणती?" विचारेल, त्ती म्हणजे उंदीर, बैल, वाघ अशा बारा प्राण्यांच्या चक्रातलं तुमचं वर्ष. चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा आणि बाराच्या हिशेबात बसवायचं. लहान मुलांना गमतीनं विचारतात, "त्तॉक्कुक किती वाट्या खाल्लेस?" नवीन वर्षाला तांदळाच्या वड्यांचं हे सूप खाल्लं की एक वर्ष वाढतं, असं मानतात. वाट्या मोजल्या की वय कळलं.

एकाच सालचे निघाले तर ते दोंगाप, आणि दोंगापच एकमेकांचे 'चिंगू'. शब्दकोश म्हणतो चिंगू म्हणजे मित्र. पण वर्षानं मोठा असलेला जिवलग माणूस कोरियनमध्ये तुमचा चिंगू नसतो. तो ऑन्नी किंवा नूना म्हणजे ताई, नाहीतर ओप्पा किंवा ह्यॉंग म्हणजे दादा असतो. "ही माझी चिंगू" म्हणून तुम्ही तुमच्या सहकारीची ओळख करून दिली असेल आणि ती तीन वर्षांनी मोठी असेल, तर ऐकणाऱ्यानं मनात भुवया उंचावल्या असतील.

माझी सूचना: वय विचारायची वाट पाहू नका, आपलं आधी सांगा. "मी अठ्ठ्याण्णवची." एवढ्यावर समोरचा बहुधा स्वतःचं साल सांगूनच टाकतो, आणि दोघांच्याही मनावरचं ओझं उतरतं.

आता तुमच्या हातात असलेल्या भांडवलाबद्दल. वर्गात मला कायम दिसतं की मुलं कोरियन शिकतात ती इंग्रजीच्या आरशात बघून. इंग्रजी उपशीर्षकं, इंग्रजी पुस्तकं, इंग्रजीतल्या चित्रफिती. इंग्रजीत एकच 'यू', एकच 'आंट', एकच 'ब्रदर-इन-लॉ'; मग कोरियन भाषा राक्षसासारखी दिसायला लागते. मराठीतून बघा, अर्धी कोरियन तुम्हाला येतेच आहे.

ही चार वाक्यं मोठ्यानं म्हणा. "साहेब आले रे." "साहेब आले हो." "धाकटा आला रे." "धाकटा आला हो." 'आले' की 'आला', हे ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या मानावर ठरतं. 'रे' की 'हो', हे ज्याच्याशी बोलतोय त्याच्यावर. दोन वेगळ्या खुंट्या आहेत, आणि आपण विचार न करता दोन्हींवर बरोबर कपडे अडकवतो. कोरियनमध्ये नेमकं हेच आहे. साजांगनिम ओश्यॉस्सॉ, साजांगनिम ओश्यॉस्सॉयो, दोंगसेंग वास्सॉ, दोंगसेंग वास्सॉयो. क्रियापदाच्या पोटातला 'शी' म्हणजे आपलं 'आले', शेपटीचा 'यो' म्हणजे आपलं 'हो'. पुस्तकं यासाठी 'कर्त्याचा आदर' आणि 'श्रोत्याचा आदर' अशी दोन प्रकरणं खर्ची घालतात. मी मुलांना ही चार मराठी वाक्यं फळ्यावर लिहून देते, आणि पाठ म्हणायला लावते.

बानमाल आणि जोंदेनमाल या दोन शब्दांचं भाषांतर करताना इंग्रजी पुस्तकांची दमछाक होते. आपल्याकडे ते तयार आहेत: अरे-तुरे आणि अहो-जाहो. रस्त्यावर गाडीला गाडी घासली की सोलमध्येही भांडण गाडीवरून सुरू होतं आणि "मला अरे-तुरे करतोस? वय काय तुझं?" इथे येऊन पोहोचतं. आणि आपल्याकडे जसं धाकटा म्हणतो, "काका, मला अहो-जाहो करू नका हो", तसंच तिथे धाकट्यानं म्हणायचं, "माल्सुम प्यॉनहागे हासेयो", माझ्याशी मोकळं बोला. मोठ्यानं पहिल्यांदा नको नको म्हणायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत स्वीकारायचं. दोघं बरोबरीचे असतील तर जो जरा मोठा आहे त्यानं सुचवायचं: "आता माल नोउल्क्कायो?" शब्दशः, शब्द खाली ठेवू या का? डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखं. मला हा वाक्प्रचार फार आवडतो.

नात्यांच्या शब्दांत तर आपण श्रीमंतच आहोत. इमो म्हणजे मावशी, गोमो म्हणजे आत्या, वेसामछोन म्हणजे मामा, शिनुई म्हणजे नणंद, सावी म्हणजे जावई, सादोन म्हणजे व्याही. दोंगसॉ एक शब्द, पण त्यात आपले दोन मावतात: जाऊ आणि साडू. उलटही आहे. आपण एका 'सासू'त भागवतो, तिथे बायकोची सासू शिऑमॉनी आणि नवऱ्याची सासू जांगमो. आणि ओप्पा-ह्यॉंगचं ते कोडं, मुलगी मोठ्या भावाला ओप्पा म्हणते आणि मुलगा ह्यॉंग, हे ऐकून इंग्रजी माध्यमातली मुलं हैराण होतात. अहो, नणंद फक्त बाईला असते आणि मेव्हणी फक्त पुरुषाला! बोलणारा कोण यावर शब्द बदलणं आपल्याला नवं कुठे आहे?

मजा पुढे आहे. सोलमधल्या एखाद्या खानावळीत जा, जिथे पन्नाशीची बाई एकटी चार टेबलं सांभाळते. गिऱ्हाईक तिला हाक मारतं "इमो! किमची थोडी आणखी." मावशी! मंडईत आपण "मावशी, मेथी कशी दिली?" म्हणतो ना, तेच. आणि दोन्हीकडे कुणीही त्या बाईला आत्या म्हणत नाही. का? माझा आपला अंदाज असा की आईच्या माहेरची माणसं लाडाची आणि बापाकडची धाकाची, हे दोन्ही समाजांत सारखं. (हे संशोधन नव्हे, कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीत केलेलं चिंतन आहे.) मात्र 'आजुम्मा' म्हणू नका. कोश म्हणतो 'काकू', बाया ऐकतात 'ए बाई'. कुणाला काय म्हणावं कळत नसेल तर दुकानदाराला साजांगनिम, म्हणजे मालक, आणि वेटरला नुसतं "जॉगियो", म्हणजे "अहो, इकडे".

तसंच 'उरी'. उरी म्हणजे 'आम्ही, आमचं'. कोरियन माणूस 'माझी आई' म्हणत नाही, 'उरी ऑम्मा' म्हणतो, एकुलता एक असला तरी. बाई नवऱ्याला 'उरी नामप्यॉन' म्हणते, शब्दशः 'आमचा नवरा'. इंग्रजीतून शिकणारे इथे हसतात. ज्या घरात आजी "आमचे हे आले नाहीत अजून" म्हणायची, त्या घरातल्या पोरीला हसायचं कारण नाही. नवऱ्याला हाक 'यॉबो', आपलं 'अहो'. आणि मूल झालं की आईचं नाव मागे पडून ती शेजारपाजारी 'अमक्याची आई' होते, तेही तसंच.

आता मराठी जिथे फसवते ते. मुख्य फसवणूक 'ताई'ची आहे. आपल्याकडे एखादीला ताई म्हटलं की लगेच 'तू' येतं: "ताई, तू येतेस का?" नातं जोडलं की अरे-तुरेचा परवाना मिळाला. कोरियनमध्ये ऑन्नी म्हणायची परवानगी आणि बानमालची परवानगी या दोन वेगवेगळ्या आहेत. ऑन्नी म्हणत म्हणत वर्षभर शेपटीला 'यो' लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आपण तर विठोबालाही 'तू' म्हणतो, प्रेम वाढलं की मान गळून पडतो. कोरियन चर्चमध्ये जा, देव 'हानानिम' आहे, त्यातला 'निम' बुजांगनिममधलाच, आणि प्रार्थनेची क्रियापदं सगळ्यात वरच्या पायरीची. जवळीक आणि आदर तिथे एकमेकांना धक्का न लावता शेजारी बसतात. (घरात मात्र बऱ्याच ठिकाणी आईशी बानमाल आणि बाबांशी जोंदेनमाल. हे वाचून साठीच्या वरच्या मराठी वाचकांना काय आठवेल ते मला माहीत आहे.)

दुसरी फसवणूक आडनावाची. आपण 'जोशीसाहेब', 'पाटीलसाहेब' म्हणतो, तसं कुणी 'किम-श्शी' म्हणून जातं. 'श्शी' म्हणजे श्री, असं पुस्तकात वाचलेलं असतं. नुसत्या आडनावाला श्शी लावणं म्हणजे बांधकामावरच्या मजुराला हाक मारल्यासारखं. आणि दर पाच कोरियन माणसांत एक किम, म्हणजे ती हाक कुणाला हेही कळणार नाही. पूर्ण नावाला किंवा पहिल्या नावाला श्शी चालतं, तेही बरोबरीच्या माणसाला. वरच्याला पद आणि निम. कंपनीत खालून वर सावोन, देरी, ग्वाजांग, छाजांग, बुजांग, त्यावर इसा, सांगमू, जॉनमू आणि साजांग. पहिल्या दिवशी कुणाचं पद काय ते विचारून वहीत लिहून ठेवा. लाजू नका, नवा कोरियन कर्मचारीही हेच करतो. काही कंपन्यांनी ही शिडी मोडायचा प्रयत्न केला आहे. सीजे या कोरियन उद्योगसमूहानं 2000 सालीच सगळ्यांना नावापुढे नुसतं 'निम' लावायचं ठरवलं. पण चाकण-रांजणगावच्या कारखान्यात जो बुजांग येतो तो अजून बुजांगनिमच आहे, आणि तुमची सहकारी ऑफिसात 'देरिनिम' किंवा जे काही तिचं पद असेल ते.

पुण्यात बरीच मुलं आधी जपानी शिकून मग कोरियनकडे वळतात. त्यांच्यासाठी एक खूणगाठ. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्याच साहेबाला आदराची रूपं लावायची नसतात. ती सवय कोरियनमध्ये आणू नका. इथे साजांगनिम घरातही साजांगनिम आणि गिऱ्हाईकासमोरही साजांगनिम. आपलं "आमचे साहेब येतायत" तसंच. आणि जपानी माणूस भाताची वाटी हातात उचलतो, कोरियन माणूस ती टेबलावरच ठेवून चमच्यानं खातो. माझा एक विद्यार्थी कोरियन पाहुण्यांसमोर वाटी उचलून, चॉपस्टिकनं भात तोंडात ढकलत बसला, आणि आपण फार जाणकार दिसतोय असं त्याला वाटत होतं.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. भाताला कोरियनमध्ये 'बाप' म्हणतात. (पहिल्या तासाला वर्ग हसतो, हसू द्यावं.) "बाप मॉगॉस्सॉयो?" म्हणजे जेवलात का? हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. आपल्याकडेही दुपारी भेटलेला माणूस "काय, झालं का जेवण?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. तिथेही "हो, झालं. तुमचं?" एवढंच उत्तर. काय खाल्लं, किती वाजता, याचा तपशील कुणालाच नको असतो. वरिष्ठांना मात्र 'बाप' नको, "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?" म्हणा. आजी-आजोबांच्या भाताला तर वेगळाच शब्द, जिंजी. नावाला, वयाला, घराला, झोपण्याला, सगळ्याला अशी एक मानाची जोडी आहे. आपल्याकडे 'शुभनाम' नि 'पायधूळ झाडा' असे तुरळक नमुने आहेत, तिथे कपाटभर आहेत.

आणि "ऑन्जे बाप हानबॉन मॉगॉयो", म्हणजे कधीतरी एकदा जेवू या. हे तुम्ही आमंत्रण समजलात. तुमच्या आईनं किती जणांना "या ना एकदा घरी" म्हटलं असेल, मोजा. त्यातले किती जण खरोखर आले? एखादा दुसऱ्या रविवारी सहकुटुंब दारात उभा राहिला असता तर? ते "या ना एकदा" खोटं नसतं. त्याचा अर्थ 'आपलं बरं चाललंय, चालू राहू दे' एवढाच. तारीख आली की आमंत्रण. तोवर तो निरोप. तुमच्या सहकारीनं तुम्हाला टाळलेलं नाही, उलट ती खूण आपुलकीची होती.

याच माळेतला एक लग्नाचा नमुना. आपण विचारतो "लाडू कधी देताय?", ते विचारतात "गुक्सू कधी खायला घालणार?" गुक्सू म्हणजे शेवया, लग्नातलं जुनं जेवण. आज लग्नाच्या हॉलमध्ये बुफे असतो, तरी विचारायचं शेवयांचंच. तिथे गेलात तर पांढऱ्या पाकिटात पैसे द्यायचे, दाराशी बसलेली माणसं नाव आणि रक्कम वहीत लिहून घेतात, आपल्या आहेराच्या वहीसारखी, कारण त्यांच्या घरच्या कार्यात ते फेडायचं असतं. आपण 501 करतो, ते 30 हजार, 50 हजार वॉन असा विषम आकडा धरतात. एक लाख चालतं. ते का चालतं, तर लाख म्हणजे दहा वेळा दहा हजार, आणि तीन आणि सात मिळून दहा, असा खुलासा करतात. आकड्यांशी कुणाचं काय नातं असेल, सांगता येत नाही.

आता कोश ज्यात मदत करत नाही अशी एक गोष्ट: नुन्ची. शब्दशः नजरेचं माप. मराठीत सगळ्यात जवळचं म्हणजे 'नूर ओळखणं'. साहेबांचा नूर पाहून रजा मागायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाची नुन्ची 'वेगवान' असते. आणि सगळे घाईत असताना गप्पा रंगवत उभ्या राहणाऱ्याला नुन्ची 'नाही'. दुभाष्याचं निम्मं काम नुन्चीचंच आहे. बैठकीत कोरियन माणूस म्हणतो "गॉमतोहे बोगेस्सुम्निदा", म्हणजे तपासून पाहतो. आमचा पुरवठादार खूश होऊन विचारतो, "म्हणजे ऑर्डर पक्की?" मी भाषांतर करते: "बघू, म्हणतायत." आणि पुरवठादाराचा चेहरा पडतो, कारण 'बघू'चा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. "जरा अवघड वाटतंय" असं आलं तर तो नकारच, दार लावून कडी घातलेला. आणि 'ने' म्हणजे 'हो', पण बोलण्याच्या मधे मधे येणारं 'ने, ने' म्हणजे आपला हुंकार: ऐकतोय, बोला. त्यावर कुणी पैसे गुंतवू नयेत.

कामावरचा रोजचा एक शब्द नीट समजून घ्या, कारण मराठीत तो नाही. 'सूगो', म्हणजे कष्ट, दगदग. दुकानातून निघताना दुकानदाराला "सूगोहासेयो", चालू द्या तुमचे कष्ट. आपण असं कुणाला म्हटलं तर मार खाऊ. तिथे ते सौजन्य आहे, तुमची मेहनत मला दिसते आहे, असं. पण घरी निघताना बुजांगना "सूगोहासेयो" म्हणू नका. वरच्यानं खालच्याला शाबासकी द्यावी तसं ते ऐकू येतं. त्यापेक्षा "मॉन्जॉ तुरॉगा बोगेस्सुम्निदा", मी आधी निघते. दिवस संपल्यावर सगळेच एकमेकांना "सूगोहाश्यॉस्सुम्निदा" म्हणतात, तेवढं बहुतेक ठिकाणी खपतं, पण कडक माणसाला तेही खटकतं.

हातांचं फार पाठ करू नका. घेताना-देताना दोन्ही हात, किंवा उजवा पुढे आणि डावा त्याला आधार द्यायला कोपराजवळ. देवळात तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा धरता, तसं समजा, आपोआप जमेल. मोठ्यांच्या समोर दारू पिताना तोंड बाजूला वळवायचं, आपला पेला आपण भरायचा नाही. पीत नसाल तर पाण्यानं चिअर्स करा, आता कुणी रागावत नाही. तरुण पिढीला ऑफिसच्या त्या ह्वेशिक नावाच्या रात्रीच्या जेवणांचाच कंटाळा आला आहे. बिलाचं म्हणाल तर मोठ्यानं द्यायचं ही जुनी रीत, मग धाकट्यानं कॉफी पाजायची. समवयस्कांत टीटीएमएम सर्रास चालतं.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की तिथली माणसं या शिडीवर खूश आहेत. नाहीत. नवऱ्याच्या धाकट्या भावाला 'दोर्यॉन्निम' आणि धाकट्या बहिणीला 'आगाश्शी' म्हणायचं, हे शब्द पूर्वी नोकरांनी धन्याच्या मुलांना वापरायचे. बायकोच्या भावंडांना मात्र तसलं काही नाही. यावर तिथल्या सुनांनी आवाज उठवला आहे आणि कित्येक घरांत आता सरळ नावाला श्शी लावतात. दुसऱ्या टोकाला दुकानांतला आदराचा पूर. गिऱ्हाईकाला खूश करायच्या नादात कॅफेतली मुलं "कॉफी नाओश्यॉस्सुम्निदा" म्हणतात, म्हणजे "कॉफीबाई आल्या आहेत". भाषेचे जाणकार डोक्याला हात लावतात, आणि कॉफीबाई येतच राहतात.

मालिकांबद्दल एकच सांगते. ऐकायला त्यांच्यासारखा गुरू नाही, पण बोलायला त्यांच्यावर विसंबू नका. प्रेमातली माणसं, गुंड, आणि बहीण-भाऊ बानमाल बोलतात, आणि मालिकेत नेमकी तीच माणसं भरलेली असतात. ऐतिहासिक मालिकेतलं बोलणं तर कुणाशीच वापरता येत नाही. पेशवाईतली मराठी बोलत बँकेत गेल्यासारखं होईल. आणि 'ओप्पा' ऑफिसात कुणालाही नाही. दोन वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याला तो शब्द वापरलात तर पुढचे सहा महिने स्पष्टीकरण देत बसाल.

तर तुमच्या सहकारीकडे वळू या. ऑफिसात पद आणि निम, कायम. बाहेर, चहा पिताना, आपलं जन्मसाल आधी सांगा, तिचं कळेल. ती मोठी निघाली की विचारा: "ऑन्नीरागो बुल्लॉदो द्वेयो?" तुम्हाला ऑन्नी म्हटलं तर चालेल का? हो म्हणाली तरी 'यो' सोडू नका. तो सोडायचं तिलाच सुचवू द्या. तांगशिनबद्दल माफी मागायची गरज नाही, परदेशी माणसाची चूक ते लगेच विसरतात, पुढचं वाक्य बरोबर आलं म्हणजे झालं. आणि जेवणाचं तुम्हीच ठरवा, वार घालून: "ऑन्नी, इबॉन जू तोयोइरे शिगान ग्वेन्छानायो?" या शनिवारी वेळ आहे का? कॅम्पात वगैरे कोरियन खाणावळ शोधत बसू नका. तिला घरी बोलवा, वरणभात करा, वर तूप घाला. ती चमचा हातात घेऊन थांबेल. तुमच्या आईनं पहिला घास घेतल्याशिवाय ती जेवायला सुरुवात करणार नाही, आणि तुमची आई पाहुणीनं खाल्ल्याशिवाय घास घेणार नाही. तेव्हा मधे पडा आणि आईला आधी सांगून ठेवा.